राखणदाराचा कोन

जोयड्याला दर हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो. यंदा आमच्या संशोधन केंद्राच्या टेबलावर कोनाचा एक जांभळा कंद मांडला होता आणि पुढच्या पाटीवर माझं नाव होतं. पाटी प्रज्योतनं लिहिलेली. प्रज्योत माझ्या हाताखालचा संशोधक. कामाला वाघ, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. वाण ज्यानं तयार केला त्याचं नाव लिहायचं असा नियम आहे, म्हणाला. नियम बरोबरच आहे, पण नियमाला रुक्माक्का ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझा स्वभाव तापट, आणि तोंड भरून उपकार मानायची सवय कमी. तरी जमेल तसं सांगते.

रुक्माक्का गणेशगुडीच्या वरच्या अंगाला, रानात शिरलेल्या एका लहानशा वाडीत राहते. साठी उलटलेली, अंगानं काटक. बोलणं मोजकं, आणि ते मोजकंही बहुतेक वेळा समोरच्याला टोचणारं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुली लग्न होऊन दांडेली-हल्याळकडं गेल्या. घरात ती आणि तिचा धाकटा दीर परशू. पुढं भाताची खाचरं, मागं कोनाची बाग, आणि बाग संपली की रानच. मी मूळची खानापूरकडची, म्हणजे तशी शेजारचीच, पण पहिल्या भेटीत तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, एवढं शिकून तुम्ही पण कंदच उकरता होय? मी हो म्हटलं. बिचारी, असा चेहरा करून तिनं मला चहा दिला.

आता थोडं कोनाविषयी. कोन म्हणजे आपलं कोनफळ. जोयड्याचा कोन आतून गडद जांभळा आणि शिजला की लोण्यासारखा. पण त्याची एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. त्याला बी धरत नाही. कंदाचा तुकडा कापायचा, मातीत पुरायचा, की तोच वेल पुन्हा वर येतो. म्हणजे तुमच्या पणजीनं खाल्लेला कोन आणि तुमच्या ताटातला कोन, वेल एकच. बागेत शंभर वेल दिसतात, पण ते शंभर भाऊ नव्हेत. एकाचेच शंभर तुकडे आहेत. म्हणून रोग एकाला बाधला की सगळ्यांना बाधतो. आणि काही वर्षांमागं या भागात करपा शिरला. श्रावणात पानांवर काळे ठिपके, भाद्रपदात अख्खा वेल काळाठिक्कर, आणि मार्गशीर्षात खणायला जावं तर हाताला लागायचा लिंबाएवढा गोळा.

आमच्या केंद्रात करप्याला दाद न देणारा एक कोन होता, लांब पूर्व किनाऱ्याकडून आणलेला. चव मात्र ओल्या भुश्याची. या दोघांचं लग्न लावून नवी पिढी काढायची, म्हणजे चव आईची आणि ताकद बापाची, असं माझ्या मनात होतं. अडचण एकच. कोनात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. आमचा भुसा नर होता आणि दरसाल भरभरून फुलत होता. नवरी मिळेना. जोयड्याच्या कोनाला फूल आलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, कारण दरसाल खणला जाणारा वेल फुलण्याइतका वाढतच नाही. मी वाडी-वाडी हिंडले. लोक हसायचे. रामनगरच्या बाजारात एकानं मला सांगितलं, बाई, उंबराचं फूल सापडलं तर तेही आम्हाला दाखवा.

मग एका मेळ्यात रुक्माक्का भेटली. चार काळपट कोन मांडून बसली होती. मी सवयीनं फुलाचं विचारलं, आणि ती कोनावरची माती झटकता झटकता म्हणाली, "राखण्याचा येल फुलतो की."

मी तिथंच फतकल मारून बसले.

राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही; झाडाच्या बुंध्याशी एक दगड असतो, तेवढंच. त्या वाडीत पूर्वी प्रत्येक बागेत एक वेल त्याच्या नावानं सोडायचे. तो वेल खणायचा नाही, त्याला लोखंड लावायचं नाही. पुढं जागा कमी पडली, रानडुकरं वाढली, आणि लोकांनी ही रीत सोडली. रुक्माक्कानं सोडली नाही. तिचं कारण निराळं होतं.

तिचं माहेर सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. लग्न होऊन ती या डोंगरावर आली तेव्हा गाव अजून उभं होतं, आणि पाठवणीच्या वेळी आईनं तिच्या ओटीत कोनाचं डोकं घातलं होतं. डोकं म्हणजे कंदाचा वेलाकडचा भाग. बेणं म्हणून, म्हणजे पुन्हा लावायला, सगळ्यात चांगला तोच. पुढं गाव उठलं आणि माणसं रामनगरला आली. आईनं तिथं परसात कोन लावला, पण तिथल्या मातीत तो टिकला नाही. तिच्या लोकांत एक रीत आहे. ज्यानं बेणं दिलं त्याला आपल्या पहिल्या चांगल्या कंदाचं डोकं परत करायचं. एकाचा वेल मेला तर दुसऱ्याचा जिवंत असतो, आणि मग ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायचं. त्या रीतीप्रमाणं रुक्माक्का निम्मी वाट लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून आणि निम्मी पायी रामनगरला गेली आणि आईला डोकं देऊन आली. तेही तिथं मेलं. आईनं तिला सांगितलं, आपला राखणदार पाण्याखाली गेला बाई, त्याचा वेल आता तूच ठेव. आणि आणखी एक सांगितलं, तुझं डोकं परत करायचं माझ्याकडनं राहिलं. हेच म्हणत तिनं डोळे मिटले.

रुक्माक्कानं घरामागच्या नाणा नावाच्या उंच रानझाडाखाली दगड मांडला आणि वेल लावला. दरसाल तो वाळायचा, दरसाल पावसाबरोबर पुन्हा उगवायचा, कुणी हात लावत नव्हतं. मी पाहिला तेव्हा तो झाडाच्या शेंड्याला गेला होता आणि हिरव्या लोंब्या खाली सुटल्या होत्या. मादी फुलं. एवढ्या वर्षांनी नवरी मिळाली, आणि ती देवाच्या घरची निघाली.

फुलाला हात लावायचा तर राखणदाराला विचारायला हवं, असं रुक्माक्कानं सांगितलं. पुढच्या साली आम्ही आमचा नर वेल मुद्दाम उशिरा लावला, कारण बाप आधी फुलतो आणि आई मागून. त्याची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून जीपनं वाडीवर नेली. परशूनं दगडाला पाणी घातलं, दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही वाट पाहत बसलो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

माझा पारा चढला. डब्यात फुलं सुकायला लागलेली, इतक्या वर्षांची पायपीट, आणि निकाल काय तर एका पाकळीचा. ती बाजू वाऱ्याची होती, असं मी मोठ्यानं बोलून दाखवलं. रुक्माक्कानं मला बोलू दिलं, मग दगडाकडं बघत म्हणाली, "आपण अर्धंच इचारलं बाई. नेऊ काय म्हणून इचारलं. परत काय देणार त्ये सांगितलंच न्हाई. असं कोण देईल?"

काय द्यायचं, मी विचारलं. सगळे देतात तेच, म्हणाली. पहिल्या चांगल्या कंदाचं डोकं. तिनं मला दगडावर हात ठेवायला लावला. त्या घाईत मी कशालाही हो म्हटलं असतं. मी शब्द दिला, परशूनं पुन्हा पाकळ्या लावल्या, आणि या खेपेला उजवी पडली. सगळ्यात आधी हात जोडले ते प्रज्योतनं.

परशूनं झाडाला बांबूची माची बांधली. खराट्याच्या हिराच्या टोकानं नराचा पराग एकेका मादी फुलाला लावायचा आणि वर कागदी पिशवी बांधायची, असं आम्ही दिवसभर करत होतो. पिशव्यांकडं लक्ष ठेवा एवढं परशूला सांगून आलो. त्या कार्तिकात अवकाळी पाऊस झाला. मी पुन्हा गेले तेव्हा माझ्या सगळ्या पिशव्या रुक्माक्काच्या चुलीवर, मिरच्यांच्या शेजारी, ओळीनं वाळत टांगलेल्या. पावसाळ्यात त्या घरात सगळंच चुलीवर वाळतं, कपडे, बेणं, छत्रीसुद्धा. तेव्हा परशू रोज सकाळी भिजलेल्या पिशव्या सोडवून आणत होता, वाळवत होता आणि संध्याकाळी माचीवर चढून पुन्हा बांधत होता. लक्ष ठेवा याचा त्याला कळलेला अर्थ एवढाच होता. दुसऱ्या नराचा पराग शिरू नये म्हणून त्या पिशव्या, हे मी त्याला घसा बसेपर्यंत सांगितलं. माझा घसा बसल्यावर प्रज्योत हळूच म्हणाला, मॅडम, या डोंगरात दुसरा फुलणारा नर आहे कुठं? नव्हताच. परशूनं मला गूळ घातलेलं गरम पाणी आणून दिलं.

फळं धरली. माघात त्यातून पातळ पापुद्र्यासारख्या पंखांचं बी निघालं. जोयड्याच्या कोनाचं बी! ते मी एकेक करून मोजलं. बरंचसं पोकळ निघालं, ओंजळभर रोपं झाली. पहिल्या साली बोटाएवढे कंद. दुसऱ्या साली मुद्दाम करप्याच्या जागेत लावले, कारण परीक्षा तीच होती. करपा आला आणि एकामागून एक वेल काळे पडले. एकच वेल दिवाळीपर्यंत हिरवा राहिला. खणला तर खाली दोन मुठींएवढा कंद. एक चकती उकडली, प्रज्योतनं आणि मी वाटून खाल्ली. रंग जांभळा आणि चव तीच, रुक्माक्काच्या घरची. मी बांधावर बसून रडले. प्रज्योत पाणी आणायच्या निमित्तानं लांब गेला.

आता प्रश्न डोक्याचा. कंद एकच. त्याचं एक डोकं आणि एक बूड. प्रज्योतचं म्हणणं, यंदा दोन्ही आपणच लावू, वाढवू, पुढच्या साली रुक्माक्काला टोपलीभर देऊ. म्हणणं शहाणपणाचं होतं आणि मलाही तेच वाटत होतं. पण दगडावर हात मी ठेवला होता, प्रज्योतनं नाही. आणि असल्या बाबतीत मी माझ्या खानापूरच्या आईची लेक आहे. दिलेला शब्द खरकट्या ताटासारखा ठेवून उठता येत नाही. डोकं राखेत घोळवलं आणि घेऊन गेले. बूड केंद्रात वाळूत ठेवलं. रुक्माक्कानं डोकं हुंगलं, मान हलवली, आणि पाऊस तोंडावर आल्यावर नाण्याच्या झाडाखाली, जुन्या वेलाशेजारी लावलं. बागेत लाव ना, मी म्हणाले होते. राखणदाराचं राखणदाराला, म्हणाली.

त्याच वैशाखात आमच्या कोठीचं छप्पर वळवाच्या पावसात गळलं. वाळू भिजली आणि कुणाच्या ध्यानात येईपर्यंत आतल्या बुडाचा चिखल झाला होता. सारखी कोठी उघडू नये म्हणून आम्ही ती बंद ठेवली होती, एवढीच आमची शिस्त. बाकीची रोपं करप्यानं आधीच नेली होती. आमच्याकडं काही म्हणजे काही उरलं नाही. त्या पावसाळ्यात रुक्माक्काची अख्खी बाग काळी पडली, जुना राखण्याचा वेलही शेंड्यापर्यंत जळाला. हिरवा राहिला तो एकच, नाण्याच्या झाडाखालचा नवा वेल. आणि तो राखणदाराचा होता. राखणदाराचा वेल खणत नाहीत.

पावसाळाभर मी तिला विचारू शकले नाही. मार्गशीर्षात प्रज्योतला घेऊन गेले. वाटेत जीपमध्ये मनाशी वाक्यं जुळवत होते. कौल लावतील, डावी पडेल आणि संपेल, ही भीती. जुना वेल गेल्यावर नव्याला हात लावू द्या म्हणायला तोंड कुठलं? रुक्माक्का अंगणात भात पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमचं मेलं म्हणता?"

हो म्हटलं.

"मग बसलाय कशाला? चला."

परशू लगबगीनं तांब्या आणि फुलं घेऊन आला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. "ह्यात इचारायचं काय, भावजी? त्यानं ह्यांच्याकडनं डोकं घेतलंय का न्हाई? व्हय ना? मग ह्यांचं मेल्यावर त्यानं द्यायला पायजे. द्येव हाय म्हणून त्याला रीत न्हाई व्हय?"

परशूनं तांब्या खाली ठेवला आणि तोही माती उकरायला बसला.

लोखंड लावायचं नव्हतं. तिनं लाकडाच्या टोकदार काठीनं कडेची माती सैल केली आणि पुढं हातांनी काढली. मी आणि प्रज्योत नुसते बघत होतो. कंद बाहेर आला तो तिच्या दोन्ही हातांत मावेना. बांबूच्या धारदार कामटीनं तिनं तो मधोमध कापला. आत जांभळा. डोकं तिनं माझ्या पदरात घातलं. बूड पुन्हा खड्ड्यात ठेवलं, माती ओढली आणि दगडाला म्हणाली, "पुढल्या साली डोकं तुझं."

आज जोयड्यात जिथं जिथं तो कोन आहे, तो त्या एका डोक्यातून वाढलेला आहे. केंद्राच्या कागदांवर त्याला आकडा आहे. लोक त्याला राखणदाराचा कोन म्हणतात. बेणं न्यायला येणाऱ्याला आम्ही एकच अट घालतो, पहिल्या कंदाचं डोकं परत आणून द्यायचं. ही अट कुठल्या नियमात आहे, असं प्रज्योतनं एकदा विचारलं होतं. आता विचारत नाही.

तर, यंदाचा मेळा. मी पाटीवरून प्रज्योतला झापत असताना रुक्माक्का टेबलाशी आली होती. तिला वाचता येत नाही आणि पाटीचं काही पडलेलंही नव्हतं. मांडलेला कोन उचलून, खत लई घातलंसा, एवढं म्हणाली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई तिला हाक मारत आली. ती पारू, रुक्माक्काच्या भावाची बायको, रामनगरची. दोन सालांमागं रुक्माक्कानं तिला नव्या कोनाचं बेणं दिलं होतं. जिथं रुक्माक्काच्या आईचा कोन दोनदा मेला, त्याच परसात.

पारूनं पदराखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. कोनाचं डोकं होतं, चांगलं जाडजूड, देठाला रामनगरची तांबडी माती लागलेली. भर मेळ्यात, लोकांच्या धक्क्यांत, तिनं ते रुक्माक्काच्या ओटीत घातलं.

रुक्माक्का खाली बघत उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते तिनं खाली पडू दिलं नाही. ओटी दोन्ही हातांनी धरून मला म्हणाली, "आईनं पाठवलं, बाई."

माझं सगळं शिक्षण, सगळी पायपीट, त्या मायलेकींच्या मधली वाट पुरी व्हावी म्हणून कामाला आली, एवढं मला त्या क्षणी कळलं, आणि कामाला आली याचं फार बरं वाटलं. रुक्माक्का, तू मला नवरी दिलीस, डोकं दिलंस, मेलेलं काम परत दिलंस. तुझे उपकार मी मानते. तुला वाचता येत नाही, तेव्हा हे मी घरी येऊन वाचून दाखवीन. तू मध्येच उठून चुलीकडं जाशील, ते चालेल.

पाटी मी उचलून टेबलाखाली ठेवली. प्रज्योतनं पाहिलं. मग त्यानं आपली खुर्ची पुढं सरकवली आणि रुक्माक्काला बसायला दिली.